फाळाखालचे गाव



नांगरणीच्या दिवसांत फाळाला खट्‌कन काहीतरी लागते. वाकून पाहावे तर कधी जाडजूड खापर, कधी विटेचा तुकडा, कधी हिरवे पडलेले तांब्याचे नाणे. आपण ते उचलतो, बांधावर भिरकावतो नाहीतर पोराच्या हाती खेळायला देतो, आणि पुढचे तास धरतो. शेतकऱ्याला थांबायला वेळ कुठे असतो? पण ते खापर तिथे कसे आले, कोणाच्या चुलीवरचे ते, याचा विचार क्वचितच कोणी करतो.

आज पीकपाण्याच्या गोष्टी थोड्या बाजूला ठेवून मी तुम्हांला अशाच एका फाळाखालच्या गावाची हकीकत सांगणार आहे. गाव आपल्याकडचे नाही, दूर इटली देशातले आहे. शिवाय ते जिवंत माणसांचे नाही, मेलेल्यांचे आहे. तरीही ते पाहताना मला परके वाटले नाही. का, ते पुढे कळेलच.

इटलीची राजधानी रोम. साऱ्या जगाच्या शेतीचा आणि अन्नधान्याचा हिशेब ठेवणाऱ्या अन्न व कृषी संघटनेचे मुख्य कार्यालय १९५१ पासून याच शहरात आहे. शेतकऱ्यांच्या एका अभ्यासदौऱ्याबरोबर मला तिकडे जाण्याचा योग आला. द्राक्षाच्या बागा, ऑलिव्हच्या बागा, दुधाचे गोठे पाहून झाले आणि एक दिवस मोकळा मिळाला. तो आम्ही रोमच्या वायव्येला ४०-४५ किलोमीटरवर असलेल्या चेर्वेतेरी या छोट्या गावी घालवला. गावापासून दोनेक किलोमीटर चालत गेले की सरू आणि पाइनच्या झाडांत एक जागा लागते. तिचे नाव बांदितॅच्चा. ‘बांदो’ म्हणजे जाहीर पुकारा. इथली जमीन गावकऱ्यांना असा पुकारा करून खंडाने देत, म्हणून हे नाव पडले. आपल्या भाषेत ‘दवंडीचे रान’ म्हणा ना!

हे लोक कोण?

रोमन लोकांचे राज्य वाढण्यापूर्वी इटलीच्या या मधल्या पट्ट्यात एत्रुस्कन नावाचे लोक नांदत होते. ते स्वतःला ‘रास्ना’ म्हणत. इटलीतल्या तोस्काना प्रांताचे नाव आजही त्यांच्यावरूनच चालते. इसवी सनापूर्वी नवव्या शतकापासून पहिल्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे आठशे वर्षे, त्यांचा वावर दिसतो. चेर्वेतेरी हे त्यांचे मोठे, व्यापाराने गबर झालेले शहर. रोमन लोक त्याला ‘काएरे’ म्हणत.

पण या लोकांची ओळख मला आधी पटली ती शेतीवरून. रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयात एक छोटी कांस्याची मूर्ती आहे. आरेत्झो गावी सापडलेली. जू, त्याला जुंपलेले दोन बैल, मागे नांगर आणि नांगरावर हात ठेवलेला माणूस. सुमारे २,४०० वर्षांपूर्वीची ही मूर्ती. आमच्याबरोबर नाशिककडचे सत्तरीतले एक बागाईतदार होते, त्यांना आम्ही सारे नाना म्हणत असू. ते त्या काचेपुढून हलेनात. म्हणाले, “साहेब, जोडी बघा कशी चालतीया. ह्याला नांगर धरता येत होता.”

त्यांची शेती साधी नव्हती. इसवी सनापूर्वी २०५ मध्ये रोमच्या सेनापती स्किपिओने आफ्रिकेच्या स्वारीसाठी आरमार उभारले, तेव्हा एत्रुस्कन शहरांनी काय काय दिले याची यादी लिव्ही या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. काएरेने धान्य आणि शिधा दिला. तार्क्विनी शहराने शिडांसाठी जवसाच्या धाग्याचे कापड दिले. आरेत्झोने इतर सामानाबरोबर १,२०,००० मापे गहू दिला. आजच्या हिशेबाने तो सुमारे आठ हजार क्विंटल भरतो. एका शहराने एका खेपेला एवढा गहू काढून दिला, तर कणग्या केवढ्या असतील!

पाण्याच्या निचऱ्याचे कामही त्यांच्या मुलखात मोठे झाले. पाणथळ रानातले पाणी काढून देण्यासाठी दगडात बोगदे कोरले होते. रुंदी जेमतेम हातभर, उंची माणूस चालेल इतकी, आणि ठरावीक अंतरावर वरून खाली उतरायला विहिरीसारखी भोके. चिबड जमिनीला चर काढा, असे मी गेली पंचवीस वर्षे गावोगाव सांगत आलो. या लोकांनी ते अडीच हजार वर्षांपूर्वी दगड फोडून केले. द्राक्षाचा वेल ते जिवंत झाडावर चढवीत. आपण पानमळ्यात शेवगा-पांगाऱ्यावर पानवेल चढवतो, तसा. इटलीत त्याला ‘लग्न लावलेला वेल’ म्हणतात आणि काही ठिकाणी ती चाल अजून टिकून आहे.

दगडातली चाकोरी

आता बांदितॅच्चाच्या आत शिरू. सारे रान सुमारे ४०० हेक्टरांचे. त्यातले १० हेक्टरच लोकांना पाहायला मोकळे आहे. एकूण थडगी हजारोंनी मोजावी लागतात. जवळच्या तार्क्विनिया गावच्या रंगीत चित्रांच्या थडग्यांसह २००४ साली युनेस्कोने या जागेचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

इथला दगड ज्वालामुखीच्या राखेचा. तिकडे त्याला ‘तुफो’ म्हणतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या मानाने फार मऊ. ताजा असताना छिन्नीने भराभर कोरता येतो आणि उघड्या हवेत आला की हळूहळू घट्ट होतो. आपल्याकडे कार्ल्या-भाज्याची लेणी कोरणाऱ्यांनी काळ्या कातळाशी झुंज घेतली. त्या मानाने या लोकांना दगडाने साथ दिली.

आत गेले की खरोखरीच गाव लागते. मोठा रस्ता, त्याला फुटणाऱ्या गल्ल्या, मध्येच छोटा चौक. दोन्ही बाजूंना गवत उगवलेली गोल टेकाडे, बुडाशी कोरलेल्या दगडाची कडी. काही टेकाडे तीस-चाळीस मीटर रुंद. रस्त्याच्या दगडात दोन खोल चाकोऱ्या उमटल्या आहेत. गाड्या जाऊन जाऊन चाकांनी दगड झिजवला. नाना खाली बसले आणि त्यांनी चाकोरीत हात घालून पाहिला. बोलले काहीच नाहीत.

प्रत्येक टेकाड एका घराण्याचे. एका मोठ्या टेकाडात चार वेगवेगळी थडगी आहेत, चार वेगवेगळ्या पिढ्यांची. सर्वांत जुने इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्याला ‘झोपडीचे थडगे’ म्हणतात, कारण आतले छत दोन्ही बाजूंनी थेट जमिनीपर्यंत उतरते, अगदी गवताने शाकारलेल्या छपरासारखे. पुढच्या पिढ्यांच्या हाती पैसा आला तशा खोल्या वाढल्या. मधोमध माजघर, मागे तीन खोल्या, छताला आढे आणि वासे. दाराला चौकट. सारे दगडातून कोरलेले. लाकडाचा एक तुकडाही नाही, पण सुताराने जोडावे तसे.

पुढे सहाव्या शतकाच्या मध्यापासून टेकाडे मागे पडली. सरळ रस्त्याच्या कडेला एकाला एक लागून, सारख्या मापाची चौकोनी थडगी आली. चाळीतल्या खोल्यांसारखी. जाणकार सांगतात की पूर्वी दोन-चार मोठ्या घराण्यांकडेच सारे होते, पुढे मध्यम ऐपतीची कुटुंबे वाढली. गावात वाडे किती आणि घरे किती हे पाहून गावाची स्थिती कळते, तशी ती मेलेल्यांच्या गावातही कळते.

संसार दगडात

या लोकांची स्वतःची घरे माती-लाकडाची होती. ती कालौघात गेली. त्यांनी ग्रंथही लिहिले असणार, पण ते राहिले नाहीत. अक्षरे ग्रीकांकडून घेतलेली, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. ती वाचता येतात, पण भाषेचा अर्थ पुरता लागत नाही. क्लॉडियस नावाच्या रोमन सम्राटाने एत्रुस्कनांचा २० खंडांचा इतिहास लिहिला होता, तोही हरवला. उरली ती थडगी. मेलेल्या माणसाला परलोकी आपले घर मिळावे म्हणून त्यांनी घर दगडात कोरले, आणि त्यामुळेच जिवंतांचा संसार आज आपल्याला दिसतो.

त्यातले सर्वांत बोलके थडगे मातुना घराण्याचे. ते १८४७ साली उघडले गेले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीचे हे काम. पायऱ्या उतरून काचेतून आत पाहायचे. मधल्या खांबांवर आणि भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात उठावाने घडवून रंगवलेल्या घरातल्या वस्तू! चाकू, कुऱ्हाड, दोरीचे वेटोळे, पळी, सुरई, पेले, पिशवी, डाव मांडायचा पट. भिंतीत निजण्याच्या जागा, त्यांवर दगडाच्याच उशा. घरधनिणीच्या जागेपाशी तिच्या चपला. वरच्या बाजूला ढाली-तलवारी आहेत. पण माझी नजर दोरीवर खिळली. राजाचा पराक्रम सांगणारे शिलालेख जगात पुष्कळ आहेत. घरातली दोरी खुंटीला कशी टांगलेली होती हे सांगणारी जागा मी तरी दुसरी पाहिली नाही.

माताभगिनींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. थडग्याच्या दाराशी छोटे दगड रोवलेले असतात. आत पुरुष असेल तर खांबासारखा गोल दगड, बाई असेल तर छोट्या घराच्या आकाराचा. आतल्या दगडी बिछान्यांचेही तसेच. पुरुषाचा पलंगासारखा, बाईचा घरासारखा. घर बाईचे, हे त्यांनी दगडावर लिहून ठेवले. या बायका नवऱ्याबरोबर एका पंगतीला बसत. ग्रीकांना ते फार खटके, त्यांनी त्यावर नाके मुरडून लिहिले आहे. कित्येक लेखांत माणसाच्या नावापुढे बापाबरोबर आईचेही नाव येते. १८८१ साली इथेच सापडलेली भाजलेल्या मातीची एक पेटी आता रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयात आहे. तिच्यावर नवरा-बायको एकाच पलंगावर रेलून बसले आहेत, त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे, दोघेही हसत आहेत. सुमारे ४०० तुकडे जोडून ती उभी केली. तुकडे कोणी गोळा केले नसते तर ते हसू मातीतच राहिले असते.

पीक सांगते, जमिनीत काय आहे

आता आपल्या कामाचा भाग. एवढी थडगी सापडली कशी?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रानिएरो मेंगारेल्ली यांनी बांदितॅच्चाचे पद्धतशीर खोदकाम केले. पण खरी गंमत दुसऱ्या महायुद्धानंतरची. युद्धात विमानांतून घेतलेली छायाचित्रे जॉन ब्रॅडफर्ड या इंग्रज अभ्यासकाने तपासली, तेव्हा रानात ठिपकेच ठिपके दिसले. जिथे खाली चर वा खड्डा बुजलेला असतो तिथे माती खोल, ओल जास्त, म्हणून पीक हिरवे आणि उंच. जिथे खाली दगड असतो तिथे पीक पिवळे आणि खुरटे. हे तुम्हांला मी काय सांगावे! शेतात एका पट्ट्यात ज्वारी का बसते हे तुम्ही चालता चालता ओळखता. तीच शेतकऱ्याची नजर त्यांनी आभाळातून लावली आणि शेकडो थडगी नकाशावर आली.

पुढे १९५० नंतरच्या काळात कार्लो लेरिची या इंजिनियरने विजेची चाचणी वापरली. विहीर घेण्यापूर्वी भूजल तपासणारे लोक जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडतात आणि खाली पाणी आहे की कातळ ते अजमावतात, तीच युक्ती. पोकळी कळली की बारीक भोक पाडायचे आणि नळीतून कॅमेरा आत सोडायचा. थडगे न फोडता आत काय आहे ते दिसे.

ही घाई कशासाठी होती? १९५० साली इटलीत जमीन सुधारणेचे कायदे झाले. या भागातल्या मोठमोठ्या जहागिऱ्या फोडून गरीब कुळांना जमिनी मिळाल्या. फार चांगली गोष्ट झाली. पण त्याबरोबर ट्रॅक्टर आले. बैलाचा नांगर वीतभर जाई, ट्रॅक्टरचा त्याहून कितीतरी खोल गेला, आणि जुनी थडगी, घरांचे पाये फाळाखाली फुटू लागले. यात शेतकऱ्याचा दोष कसा म्हणावा? त्याला पोट होते. खोल नांगरट करा, असे सांगणारी आम्ही शेतकी खात्याची माणसेच असतो, आणि जमिनीसाठी तो सल्ला बरोबरच आहे. एकाच जमिनीत आजची भाकरीही असते आणि कालची ओळखही असते. दोन्ही सांभाळायचे तर फाळ चालवणाऱ्याला ते ठाऊक असावे लागते.

मुकी झालेली वस्तू

दुसरा घाव चोरांचा. इटलीत थडगी फोडून माल विकणारी टोळकी आहेत. लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसून छताचा अंदाज घेतात आणि रातोरात खणतात. १९७१ च्या अखेरीस चेर्वेतेरीच्या शिवारात असेच एक थडगे फोडले गेले. त्यात एउफ्रोनिओस या ग्रीक चित्रकाराने रंगवलेला, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा मोठा रांजण होता. १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तो दहा लाख डॉलरला घेतला. पुढे चोरीचा मामला उघडकीस आला, इटलीने पिच्छा पुरवला, आणि २००८ साली रांजण परत आला. आज तो चेर्वेतेरीच्या संग्रहालयात आहे.

रांजण परत आला, पण तो कोणाच्या उशाशी ठेवला होता? बाईच्या की पुरुषाच्या? शेजारी काय काय होते? रात्रीच्या अंधारात खणताना हे कोणी लिहून ठेवले नाही. वस्तू घरी आली, पण तिची जीभ कापली गेली. मातुनांच्या घरातली दोरी बोलते, कारण ती अजून तिच्या जागी आहे. बाजारात विकायला दोरीला दमडीही मिळाली नसती.

सारेच काही असे हरवत नाही. १८७७ साली पिआचेन्झाजवळ एका शेतकऱ्याच्या नांगराला मेंढीच्या काळजाच्या आकाराचा कांस्याचा ठोकळा लागला. त्यावर देवांची नावे कोरलेली. एत्रुस्कन पुजारी बळीच्या काळजावरून शकुन पाहत, त्याचा तो नकाशाच होता. आज त्या लोकांच्या धर्माविषयी जे कळते त्यात या ठोकळ्याचा वाटा फार मोठा आहे. तो भंगारात वितळला असता तर?

आपल्या शिवारात

आपल्याकडेही असे घडले आहे. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्या वाचल्या हे आपले भाग्य. पण त्या मातीच्या कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने पडल्या होत्या याची शास्त्रीय नोंद त्या वेळी झाली नाही. त्यामुळे त्यांच्या वयाविषयी विद्वानांत वाद झाला. काही म्हणतात चार हजार वर्षांच्या, काहींनी धातू तपासून शंका घेतली. जागेची नोंद किती मोलाची, ते यावरून कळावे.

म्हणून बंधुभगिनींनो, एवढे लक्षात ठेवा:

१. नांगरताना, विहीर खणताना वा पाया काढताना नाणी, मूर्ती, तांब्याची भांडी, जुन्या विटांची ओळ, हाडांसह मडकी असे काही लागले तर तेवढ्या जागेचे काम थांबवा. बाकीचे शेत नांगरायला हरकत नाही.

२. वस्तू घासू, धुऊ, फोडू नका. चिंचेने उजळवू नका. बाहेर आलीच असेल तर जागेवर खुंटी ठोका, म्हणजे जागा सापडेल. किती हात खोल होती ते लिहून ठेवा.

३. पोलीस पाटील, सरपंच किंवा तहसील कचेरीत लेखी कळवा आणि पोच घ्या. जमिनीत सापडलेल्या धनाविषयी १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कळवणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, लपवणाऱ्याचा हक्क बुडतो आणि शिक्षाही होते. एखादे नाणे वा खापर सापडले एवढ्यावरून कोणाची जमीन जात नाही.

४. गुप्तधनाच्या नावाने रात्री खणणारा मांत्रिक आणि ‘मूर्तीला गिऱ्हाईक आहे’ म्हणणारा दलाल, दोघांनाही दारातून परत पाठवा. १९७२ च्या कायद्याने अशा जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई आहे.

५. शाळेच्या गुरुजींना शेत दाखवा. मुलांना खापर ओळखायला शिकवा. ज्या पोराच्या हाती आपण ते खेळायला देतो, तोच उद्या ते जपेल.

परतीच्या वाटेवर मी नानांना विचारले, “काय नाना, काय आवडलं?” मला वाटले, सोन्याच्या दागिन्यांचे नाव घेतील. ते म्हणाले, “दोरी. आमच्या गोठ्यात खुंटीला आशीच असतीया. पण ती कुणी दगडात काढून ठिवली नाही.”

तेव्हा पेरणीआधीच्या नांगरटीला यंदा फाळ खट्‌कन वाजला, तर क्षणभर थांबा आणि वाकून बघा. कोणाचे तरी घर असेल ते.